तेरेखोलकाठचं इंग्रजी

जून-जुलैत पेडणे तालुक्यातल्या एखाद्या देवळाच्या सभामंडपात रविवारी संध्याकाळी डोकावलं, तर बहुधा गुणगौरव सोहळा चाललेला दिसतो. व्यासपीठावर सरपंच, पंच, एखादे निवृत्त मुख्याध्यापक. समोर प्लास्टिकच्या खुर्च्या. सूत्रसंचालक नावं आणि टक्के वाचत जातो. प्रत्येकाला शाल, नारळ, गुलाबाचं फूल आणि एक फोटो. यादी संपत आली की 'इंग्लिश घेऊन एम.ए.' झालेल्या एखाद्या मुलीचं नाव येतं आणि टाळ्या जरा जास्त वाजतात. त्या टाळ्या 'इंग्लिश'ला असतात. दोन वर्षं ती काय वाचत होती, प्रबंध कशावर लिहिला, हे सूत्रसंचालकाच्या कागदावर नसतं. खाली उतरली की एखादी मावशी विचारते, "मगे आतां मोपार लागतलें मगो?"

मावशीचं काही चुकत नाही. मोपाचा विमानतळ पेडणे तालुक्यातच आहे. डिसेंबर २०२२ मध्ये त्याचं उद्घाटन झालं, जानेवारी २०२३ पासून विमानं उडू लागली, आणि इंग्रजी बोलता येणाऱ्या मुलामुलींसाठी घरापासून अर्ध्या तासावर पगाराच्या नोकऱ्या आल्या. काजूच्या बागायती आणि भातशेतीवर वाढलेल्या घराला ही गोष्ट लहान नाही. पण विमानतळावर लागणारं इंग्रजी आणि एम.ए.त शिकलेलं इंग्रजी यांत फरक आहे, आणि तो कोणी या मावशीला समजावून सांगितलेला नाही. विद्यापीठानेही नाही.

विद्यापीठाचा आपला वेगळा गुणगौरव असतो. दीक्षान्त समारंभात सुवर्णपदक, विभागाच्या फलकावर नेट-सेट उत्तीर्ण झालेल्यांची नावं, वादविवाद आणि प्रश्नमंजूषा जिंकून आलेल्यांचा चषकासह फोटो. तिथेही मोजतात ते गुण आणि क्रमांकच. चार भाषांतून वाट काढत ही मुलगी इथवर आली, याची नोंद गावातही होत नाही आणि विद्यापीठातही नाही. ती व्हायला हवी. गोव्यातल्या इंग्रजी विभागाचं खरं यश, माझ्या मते, नेमकं तिथे आहे.

ही मुलं कुठून येतात ते पाहायला तेरेखोलपासूनच सुरुवात करू. गोव्याच्या नकाशावर हे गाव नदीपलीकडे एकटंच पडलेलं दिसतं. तेरेखोल नदी ही गोवा आणि सिंधुदुर्ग यांची हद्द. तरी नदीच्या उत्तरेचा हा एक तुकडा गोव्यात आहे, आणि त्याचं कारण तिथला किल्ला. सावंतवाडीच्या सावंत भोसल्यांनी बांधलेला हा किल्ला १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी घेतला. बाकीचा पेडणे महाल त्यांच्या ताब्यात यायला १७८८ उजाडलं. म्हणजे तालुका पोर्तुगीज होण्याच्या चाळीसेक वर्षं आधी तेरेखोल पोर्तुगीज झालं होतं. पुढे १५ ऑगस्ट १९५४ रोजी अल्फ्रेड आफोंसो यांच्या नेतृत्वाखाली गोवेकर सत्याग्रही याच किल्ल्यात शिरले आणि त्यांनी तिरंगा फडकावला. किल्ल्यात सेंट अँथनीचं चर्च आहे. अलीकडच्या काळात किल्ल्यात हॉटेल निघालं, आणि आता पर्यटक तिथे मुख्यतः समुद्राचे फोटो काढतात.

पंचायत केरी-तेरेखोल अशी जोडीची. (हे केरी पेडण्यातलं. केसरबाई केरकरांचं केरी फोंड्यात आणि तिसरं सत्तरीत. बाहेरचे लोक गल्लत करतात म्हणून सांगून ठेवलं.) तेरेखोलहून पणजीकडे निघालेल्या विद्यार्थ्याला आधी फेरीबोटीने केरीला उतरावं लागतं, मग बसने म्हापसा, म्हापशाहून पणजी, आणि पणजीहून पुन्हा बस बदलून ताळगावच्या पठारावरचं विद्यापीठ. अंतर सगळं मिळून चाळीस-पन्नास किलोमीटर. ज्याची स्वतःची गाडी आहे त्याला ते काहीच नाही. पण फेरी चुकली की पुढची बस चुकते, ती चुकली की पहिलं लेक्चर गेलं. फेरी बंद असली तर आरोंद्याकडून किरणपाणीच्या पुलावर वळसा घालून या. डिचोली तालुक्यातून येणाऱ्याची वाट यापेक्षा बरी. तरी साखळी किंवा कुडण्याच्या आतल्या वाड्यावरून निघणाऱ्यालाही दोन बस कराव्या लागतातच.

या वाटेवर भाषा किती बदलतात ते पाहा. घरात पेडण्याची कोकणी, आणि तीसुद्धा आरोंदा-सातार्ड्याच्या मालवणीला इतकी लागून की कुठे एक संपते आणि दुसरी सुरू होते ते बोलणाऱ्यालाही सांगता येणार नाही. प्राथमिक शाळा मराठी. मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने गावोगाव प्राथमिक शाळा उघडल्या, आणि पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा या भागांत त्या बहुतांशी मराठीच होत्या. पाचवीपासून माध्यम एकदम इंग्रजी. १९९० मध्ये सरकारने ठरवलं की प्राथमिक स्तरावर अनुदान फक्त मराठी-कोकणीसारख्या प्रादेशिक भाषांच्या शाळांना द्यायचं. २०११ मध्ये इंग्रजी प्राथमिक शाळांनाही ते देण्याचा निर्णय झाला आणि त्यावरून गोवा ढवळून निघाला. आज विशी-बाविशीत असलेली बहुतेक मुलं त्या निर्णयाच्या आधी किंवा आसपास शाळेत बसलेली. त्यांनी बाराखडी मराठीत गिरवली, भांडणं कोकणीत केली, विज्ञान इंग्रजीत पाठ केलं आणि सिनेमा हिंदीत पाहिला. किरिस्तांव घरातल्या मुलाच्या वाट्याला यात रोमी लिपीतलं कोकणी प्रार्थनेचं पुस्तकही येतं.

अशी मुलं इंग्रजी साहित्य शिकायला येतात, तेव्हा त्यांच्या बोलण्यातल्या चुकांकडे पहिल्यांदा लक्ष जातं. पहिल्या सत्रात वर्गात मागच्या बाकांवर पेडणे, डिचोली, काणकोण बसतात आणि पुढच्या बाकांवर पणजी, मडगाव. हे कोणी ठरवलेलं नसतं. कॉन्व्हेंटमधून आलेल्या मुलीचा उच्चार सफाईदार असतो, आणि तो ऐकूनच मागच्या बाकावरची मुलं अर्धं वर्ष तोंड उघडत नाहीत. इंग्रजी शिकवणाऱ्या कोणाही शिक्षकाला हे नवीन नाही.

गोव्यात इंग्रजी कुठून आलं, याची गोष्ट बाकीच्या देशापेक्षा वेगळी आहे. मुंबईत, कलकत्त्यात इंग्रजी राज्यकर्त्यांबरोबर आलं. गोव्यात राज्यकर्त्यांची भाषा पोर्तुगीज होती. पणजीत १८५४ पासून लिसेव (पोर्तुगीज सरकारी माध्यमिक शाळा) होतं आणि सरकारी नोकरीची वाट तिथून जायची. इंग्रजी आणलं ते पोटासाठी मुंबई, कराची, आफ्रिकेकडे गेलेल्या गोवेकरांनी. १८८७ मध्ये हडफड्याला फादर लायन्स यांनी सेंट जोसेफ ही इंग्रजी शाळा काढली, ती याच गरजेतून. अशा शाळांतून मुलं मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक द्यायची. १९ डिसेंबर १९६१ ला पोर्तुगीज गेले आणि पुढच्याच वर्षी पणजीत धेंपे, मडगावात चौगुले ही महाविद्यालयं उभी राहिली. १९६३ मध्ये म्हापशाला सेंट झेवियर्स. सगळी मुंबई विद्यापीठाला जोडलेली, शिकवण्याचं माध्यम इंग्रजी. राज्यकर्ते गेले आणि त्यांच्या पाठोपाठ इंग्रजी जोरात आलं, असं भारतात फार ठिकाणी घडलेलं नाही. त्यामुळे पेडण्यातल्या म्हाताऱ्यांच्या मनात इंग्रजीबद्दल गोऱ्या साहेबाची आठवण नाही. त्यांच्या लेखी ती मुंबईला गेलेल्या काकाची भाषा, मनीऑर्डरची भाषा. गावातल्या त्या टाळ्यांचं मूळही तिथेच.

मुंबई विद्यापीठाचं पदव्युत्तर केंद्र पणजीत होतं; त्याच्याच पायावर १९८५ मध्ये गोवा विद्यापीठ सुरू झालं. ताळगावच्या पठारावरच्या इमारती सतीश गुजराल यांनी आखलेल्या. विद्यापीठ नवं असतानाच, ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात, तिथल्या इंग्रजी विभागात प्राध्यापक म्हणून आले भालचंद्र नेमाडे. देशीवादाचा मराठीतला सर्वांत ठाम पुरस्कर्ता गोव्यात इंग्रजी शिकवत होता, हे आज अनेक मराठी वाचकांना ठाऊक नसतं. 'टीकास्वयंवर'ला १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तोही याच सुमाराला. यात विसंगती शोधणारे शोधोत. मला तर हे गोव्याला साजेसंच वाटतं. मर्ढेकर इंग्रजीचे प्राध्यापक होते. सिंधुदुर्गातल्या धालवलीचे विंदा करंदीकर वर्षानुवर्षं इंग्रजी शिकवत राहिले आणि लिहिलं मराठीत. इंग्रजी विभागात बसून आपल्या भाषेकडे पाहायची सवय मराठीला जुनी आहे.

गोव्यातही ती टिकली. इंग्रजीच्या माजी प्राध्यापक किरण बुडकुले कोकणी समीक्षेत दीर्घकाळ लिहीत आल्या आहेत. इंग्रजी विभागातलेच आंद्रे राफाएल फर्नांडिस यांनी कोकणी रंगभूमीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, ते २०१० मध्ये प्रसिद्ध झालं. धेंपे महाविद्यालयात इंग्रजी शिकवणाऱ्या इझाबेल द सांता रिता वाझ यांनी १९८७ मध्ये मस्टर्ड सीड आर्ट कंपनी सुरू केली आणि तिच्यातून गोव्याच्या मातीतली इंग्रजी नाटकं रंगमंचावर आणली. आता विद्यापीठात इंग्रजी, कोकणी, मराठी आणि इतर भाषा शणै गोंयबाब यांचं नाव दिलेल्या एकाच भाषा-साहित्य प्रशालेत आहेत. २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार 'वर्सल' या कोकणी कथासंग्रहासाठी मिळवणारे प्रकाश पर्येकर याच प्रशालेत शिकवतात. इंग्रजीच्या विद्यार्थ्याला एक पुरस्कारप्राप्त कथाकार शेजारच्या विभागात भेटू शकतो. ही सोय सगळ्याच विद्यापीठांना नाही.

विभागाचं सामूहिक जीवन म्हणजे स्वागत समारंभ, निरोप समारंभ, वाङ्मय मंडळ, सहल, एखादा साहित्य महोत्सव. त्याचं वर्णन करण्यात अर्थ नाही, सगळीकडे ते सारखंच असतं. वेगळं काही घडतं ते नाटकाच्या वेळी.

शेक्सपिअर शिकवताना शिक्षक सांगतात की त्या काळी स्त्रीपात्रं मुलगे करायचे, रंगमंचावर देखावे नव्हते, कंपन्या फिरत्या असायच्या. शहरी मुलं हे टिपून घेतात. पेडण्याच्या मुलाला टिपायची गरज नसते, कारण तो ते बघतच वाढलाय. कार्तिकापासून पावसाळा तोंडावर येईपर्यंत सिंधुदुर्ग आणि पेडण्यातल्या जत्रांमधून दशावताराच्या कंपन्या फिरतात. वालावलकर, मोचेमाडकर ही नावं घराघरात माहीत असतात. स्त्री पार्टी पुरुषच करतो, आणि चांगल्या स्त्री पार्टीला बायकाच जास्त दाद देतात. रंगमंचावर एक बाकडं असतं. तेच सिंहासन, तेच रथ, तेच डोंगर. आख्यान ठरलेलं, पण संवाद लिहिलेले नसतात. राजा आणि राक्षस आयत्या वेळी बोलतात, हार्मोनियमवाला त्यांचा कल ओळखून सूर धरतो, आणि पहाटे कधीतरी राक्षस मरतो. हे सगळं ज्याने मांडी घालून पाहिलं आहे, त्याला ग्लोब थिएटरमधला उभा प्रेक्षक पुस्तकातल्या चित्राशिवाय कळतो. वर्गातल्या एका तासापुरती का होईना, मागच्या बाकावरचा मुलगा त्या दिवशी पुढच्या बाकावरच्या मुलीला काहीतरी समजावून सांगू शकतो. सुवर्णपदकापेक्षा हा तास मी मोठा मानतो. अडचण एवढीच की शिक्षकाने विचारलं तरच तो बोलतो. न विचारता तो बोलणार नाही, कारण दशावतार म्हणजे अडाण्यांची करमणूक हे त्याला कोणीतरी शाळेतच सांगून ठेवलेलं असतं.

डिचोलीच्या मुलांकडे दुसरी शिदोरी असते, आणि ती सुखाची नाही. या तालुक्यात लोहखनिजाच्या खाणी. खाणीच्या ट्रकांवर, बार्जवर आणि त्यांच्याभोवतीच्या गॅरेज-खानावळींवर अनेक घरं चालली. २०१२ मध्ये खाणी थांबल्या. पुन्हा सुरू झाल्या तोवर फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केली आणि १६ मार्चपासून काम बंद पडलं. कर्ज काढून घेतलेले ट्रक दारात उभे राहिले. त्या घरांतली मुलं त्याच वर्षांत बारावी आणि बी.ए. करत होती. पुंडलीक नायक यांची 'अच्छेव' ही कोकणी कादंबरी १९७७ ची. खाण आली आणि गावाचं काय झालं, हा तिचा विषय. विद्या पै यांनी केलेला तिचा इंग्रजी अनुवाद ऑक्सफर्डने २००२ मध्ये काढला. डिचोलीची मुलगी ती कादंबरी इंग्रजीत वाचते तेव्हा तिला दोन्ही बाजू ठाऊक असतात. शेतात शिरलेली लाल माती तिने पाहिलेली असते, आणि खाण बंद झाल्यावर बापाचा उतरलेला चेहराही. खाण म्हणजे फक्त राक्षस, असं सरळसोट उत्तर ती लिहू शकत नाही. परीक्षकाला कदाचित तेच उत्तर हवं असतं. तिचं गुंतागुंतीचं, अडखळत्या इंग्रजीतलं उत्तर दोन गुण कमी मिळवून जातं. विद्यार्थ्याचं यश मोजायचं असेल तर ते दोन गुण कुठे गेले याचाही हिशेब घ्यायला हवा.

अनुवाद हे गोव्यातल्या इंग्रजी विभागाचं सर्वांत नैसर्गिक काम आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. पेंग्विनने १९९८ मध्ये काढलेला, मनोहर शेट्टी यांनी संपादित केलेला गोव्याच्या कथांचा संग्रह कोकणी, मराठी, पोर्तुगीज आणि इंग्रजी अशा चारही भाषांतल्या कथा एकत्र आणतो, आणि त्याचं नावच फेरीवरून ठेवलेलं आहे. पण हे काम अजून फार थोड्या हातांत आहे. विशेषतः गोव्यातल्या मराठी लेखनाचं इंग्रजीत जवळजवळ काही गेलेलं नाही. तेरेखोल नदीच्याच काठी, वर बांद्याला, १७१४ मध्ये जन्मलेल्या सोहिरोबानाथ आंबियांचंच पाहा. पेडण्यातल्या विर्नोड्याच्या सरकारी महाविद्यालयाला त्यांचं नाव आहे, कमानीवर ते रोज वाचून मुलं आत जातात. 'महदनुभवेश्वरी' मात्र त्यांतल्या कितींनी उघडली असेल? मराठी, कोकणी, इंग्रजी तिन्ही येणारा, भजनाच्या बैठकीत बसलेला, नाथपंथी शब्द कानावरून गेलेला अनुवादक हवा असेल तर तो पुण्या-मुंबईत शोधू नये. तो विर्नोडा, साखळी, खांडोळ्याच्या वर्गांत बसलेला आहे.

आता एक कडू गोष्ट. विभागाचे बहुतेक उपक्रम दुपारनंतर होतात. नाटकाच्या तालमी चारनंतर, पाहुण्यांचं व्याख्यान साडेतीनला, त्यानंतर चहा, आणि खऱ्या गप्पा चहावरच रंगतात. प्राध्यापकाशी ओळख वाढते ती तिथे, पुढच्या शिफारसपत्राचं बीजही तिथेच पडतं. त्याच वेळी पेडण्याकडची मुलं पिशवी आवरून पणजीच्या स्टँडकडे निघतात, कारण म्हापशाहून केरीकडे संध्याकाळनंतर बसचा भरवसा नसतो. वसतिगृह आहे, पण सगळ्यांना ते मिळत नाही आणि परवडत नाही. घरची गुरं, आजारी आजी, भावाचं दुकान हीही कारणं असतात. मग वर्षअखेरीस समूहफोटोत तेच ते चेहरे. ज्यांची घरं पंधरा किलोमीटरच्या आत आहेत, ते विभागाचे 'सक्रिय विद्यार्थी' ठरतात, आणि बाकीचे अबोल, हुशार पण सहभाग न घेणारे. हा शेरा बसच्या वेळापत्रकाने लिहिलेला असतो.

याला उपाय फार अवघड नाही. तालमी सकाळच्या रिकाम्या तासांत घेता येतात. वर्षातून एक कार्यक्रम ताळगावच्या पठारावरून खाली उतरवून विर्नोड्याला, एक साखळीला नेता येतो. साखळीला रवींद्र भवन आहे, पेडण्यात देवळांचे सभामंडप आहेत. आईबापांना मुलगी काय शिकते ते एकदा डोळ्यांनी बघू द्यावं. 'इंग्लिश घेऊन एम.ए.' म्हणजे काय हे त्या दिवशी मावशीला कळेल. आणि प्राध्यापकांना कळेल की विद्यार्थी कुठून येतो. डिचोलीतल्या शिरगावच्या लईराईच्या जत्रेचा धोंड (व्रत धरलेला भक्त) झालेला मुलगा उपवास धरून परीक्षेला बसतो, कारण जत्रा वैशाखात आणि परीक्षाही त्याच दिवसांत. हे ज्या शिक्षकाला ठाऊक असेल, तो त्याच्या पेपरकडे वेगळ्या नजरेने पाहील. गुण वाढवून द्यावेत असं मी म्हणत नाही.

पास होऊन ही मुलं जातात कुठे? काही विमानतळावर, हॉटेलात, औषध कंपन्यांत. काही परदेशी जहाजांवर. एक मोठा भाग मात्र बी.एड. करून शाळेत येतो, आणि तोही बहुधा आपल्याच तालुक्यातल्या. पाचवीत मराठीतून इंग्रजीत पडलेल्या मुलाला त्या उडीत काय होतं, हे दुसऱ्या कोणत्याही शिक्षकापेक्षा त्यांना जास्त कळतं, कारण तीच उडी त्यांनी मारलेली असते. वर्गात ते अर्धा धडा कोकणीत समजावतात, एखादा शब्द मराठीत देतात आणि मग इंग्रजीवर येतात. तपासणीसाला हे आवडत नाही. मुलांना येतं, एवढं खरं. या शिक्षकांची नावं विद्यापीठाच्या कोणत्याही फलकावर नाहीत, आणि माझ्या मते इंग्रजी विभागाने सर्वांत आधी ज्यांचा सत्कार करावा ते हेच. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात व्यासपीठावर बसवायला दरवेळी दुबईहून आलेला अधिकारीच कशाला हवा? केरीच्या हायस्कुलातल्या टिचरला बसवा.

वाचकांकडे एक मागणं. तुमच्या घरी आजोबांची भजनाची वही असेल, दशावताराच्या जुन्या कॅसेटी असतील, मुंबईच्या कुडांतून (गोवेकरांच्या सामूहिक बिऱ्हाडांतून) गावी आलेली पत्रं असतील, पाटावर बसून आजी सांगायची त्या कहाण्या कोणी लिहून ठेवल्या असतील, तर त्या माळ्यावर ठेवू नका. जवळच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकणारी मुलं आहेत. त्यांना प्रबंधासाठी विषय हवे असतात, अनुवादासाठी मजकूर हवा असतो, आणि तो वाचता येणारी ही कदाचित शेवटची पिढी आहे. वही द्यायला जमत नसेल तर निदान झेरॉक्स काढून द्या, आणि त्या मुलांनी काय केलं ते सहा महिन्यांनी विचारायला जा.